विनादुकानदाराच्या दुकानात तूट आली, तर?

प्रश्न: आमची जिल्हा परिषदेची पहिली ते पाचवीची दोनशिक्षकी शाळा, पट ४२. जुलैमध्ये आम्ही ‘प्रामाणिकपणाचं दुकान’ सुरू केलं. पेन्सिली, खोडरबर, पेन, वह्या मांडलेल्या, शेजारी पैशांची पेटी, दुकानदार कुणी नाही. तीन आठवड्यांत साधारण ६०० रुपयांचा माल गेला आणि पेटीत १४० रुपये कमी भरले. मुलांनी चौथीतल्या एका मुलाचं नाव घेतलं. मी सगळ्यांसमोर त्याचं दप्तर पाहिलं, काही सापडलं नाही. आता त्याचे आईवडील दुखावलेत. सहकारी सर म्हणतात, दुकान बंद करा नाहीतर कॅमेऱ्याखाली ठेवा. काय करू? आणि अशा दुकानातून मुलं खरंच प्रामाणिकपणा शिकतात का?

उत्तर:

मॅडम, १४० रुपयांचं नंतर बघू. आधी त्या मुलाचं बघू, कारण तिथे झालेलं नुकसान मोठं आहे आणि ते रोज वाढतंय.

माफी मागा, आणि ज्या वर्गात त्याचं दप्तर उघडलं त्याच वर्गात, त्याच मुलांसमोर मागा. त्याला बाजूला घेऊन ‘राग मानू नकोस हं’ म्हटलं तर त्याचं मन कदाचित हलकं होईल, पण उरलेल्या ४१ जणांच्या डोळ्यांतला संशय तसाच राहील. आदल्या दिवशी मात्र त्याला एकट्याला विचारा, ‘मी उद्या वर्गात बोलले तर चालेल का?’ तो नको म्हणाला तर त्याचं नाव न घेता बोला. वाक्यं मोजकी हवीत: ‘गेल्या आठवड्यात मी एकाचं दप्तर सगळ्यांसमोर पाहिलं. माझ्याकडे कसलाही पुरावा नव्हता. तसं करायला नको होतं. चूक माझी आहे आणि मी त्याची माफी मागते.’ इथे थांबा. पुढे ‘पण’ आला की माफी संपते. ‘पण तुम्हीच नाव घेतलंत ना’ असं म्हणून दोष मुलांवर ढकलू नका. नाव घेतलं मुलांनी, दप्तर उघडलं तुम्ही.

भरपाई म्हणून लगेच त्याला वर्गप्रमुख करणं किंवा दुकानाची किल्ली देणं टाळा. मुलांना त्यातला सौदा कळतो. आणि आईवडिलांना शाळेत बोलावू नका, संध्याकाळी तुम्ही त्यांच्या घरी जा. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षेइतकीच मानसिक छळालाही मनाई आहे. चारचौघांत दप्तर उपसणं त्यातच मोडतं असं कुणी म्हटलं, तर आपल्याकडे उत्तर नसतं. पण मी हे कायद्याच्या भीतीपोटी सांगत नाही. मोठं माणूस चुकल्यावर काय करतं, हे तुमच्या ४२ मुलांना या आठवड्यात प्रत्यक्ष बघायला मिळणार आहे. दुकानातून जे शिकवायचं होतं त्याचा पहिला पाठ हाच.

आता तूट. ६०० मागे १४० म्हणजे जवळजवळ चौथा हिस्सा. आकडा मोठा आहे, पण तूट म्हणजे चोरी असं धरून चालू नका. पहिल्या महिन्यातल्या तुटीची साधी कारणं बहुतेक दुकानांत तीच ती असतात.

सगळ्यांत मोठं कारण सुट्टे पैसे. मूल दहाची नोट घेऊन येतं, पेन्सिल पाच रुपयांची असते. पेटी कुलूपबंद, परत घ्यायला पाचचं नाणं नाही. मग ते ‘उद्या टाकतो’ म्हणून पेन्सिल नेतं आणि उद्या विसरतं. किंवा पाचच रुपये आणलेलं मूल दहाचं पेन उचलतं आणि उरलेले नंतर देऊ म्हणतं. यात लबाडी नाही, व्यवस्थेतली फट आहे.

दुसरं कारण पहिली-दुसरीची मुलं. त्यांना नाणी ओळखता येतात, पण ‘वीस रुपयांची वही म्हणजे पाचची चार नाणी’ हा हिशोब सगळ्यांना जमत नाही. ती हातात असेल ते नाणं टाकतात आणि आपण पैसे दिले असं अगदी मनापासून मानतात.

तिसरं कारण आपण स्वतः. सही करायला पेन हवं म्हणून मॅडमनी एक उचललं, भेटीला आलेल्या पाहुण्यांना एक दिलं, सरांनी मुलीसाठी वही नेली. ‘नंतर टाकतो’ हे शब्द शिक्षकही वापरतात, आणि मुलं ते बघत असतात. तुम्ही दोघांनी शांतपणे आठवून पाहा. यातलं काही निघालं तर ते पैसे मुलांसमोर टाका आणि किती उशिरा टाकताय तेही सांगा.

चौथं, सुरुवातीला माल मोजलाच नव्हता किंवा अंदाजे लिहिला होता. दोन डझन पेन्सिली आणल्या, त्यातल्या चार पहिल्याच दिवशी वाटल्या, नोंद राहिली २४ ची. मग तूट कागदावर जन्माला येते. आणि पाचवं कारण, मुलाने खरंच न विचारता, न देता घेतलं. तेही होतं. पण पहिली चार कारणं बंद केल्याशिवाय पाचवं किती आहे ते कळतच नाही.

म्हणून दुकान बंद करू नका, आठ दिवस थांबवा आणि नव्याने मांडा. थांबवताना कारणही नीट सांगा: ‘मांडणी माझी चुकली होती, ती दुरुस्त करतेय.’ चोरी झाली म्हणून दुकान बंद, असा निरोप गेला तर रोज पैसे टाकणाऱ्या तीस-पस्तीस मुलांना शिक्षा झाली. प्रामाणिक राहूनही आपलं दुकान गेलं, एवढंच त्यांच्या लक्षात राहील.

नवी मांडणी अशी करा. वस्तू पाचच ठेवा: पेन्सिल ५, खोडरबर ५, शार्पनर ५, पेन १०, वही २० रुपये. तीन आणि सात रुपयांच्या वस्तू आणूच नका. छापील किमतीपेक्षा एक रुपयाही जास्त लावू नका. खाऊ तर नकोच. बिस्कीट, गोळ्या ठेवल्या की मधल्या सुट्टीतली भूक आणि मोह एकदम समोर येतात, घेतलेली वस्तू पोटात जाते आणि परत ठेवायची वाटच उरत नाही. पेन्सिल परत ठेवता येते.

प्रत्येक वस्तूच्या पुढ्यात किमतीचं कार्ड हवं, आणि त्यावर आकड्यासोबत नाण्यांचं चित्र. वहीच्या कार्डावर पाचची चार नाणी काढा. पहिली-दुसरीच्या मुलांनी चौथी-पाचवीचा सोबती घेऊन खरेदी करायची. हा नियम त्यांच्यावर संशय म्हणून नसून हिशोबाला मदत म्हणून आहे, हे बोलून दाखवा.

पेटीला वर फट, खाली कुलूप. ती पारदर्शक बरणी नको. साठलेले पैसे डोळ्यांसमोर ठेवून मुलांच्या मनाशी खेळ करायचं कारण नाही. शेजारी उघडी ताटली ठेवा, तीत पाचची दहा नाणी, म्हणजे ५० रुपये. मूल दहाची नोट पेटीत टाकेल आणि ताटलीतलं पाचचं नाणं घेईल. मोजताना पेटी आणि ताटली दोन्हींतले पैसे एकत्र करायचे आणि ५० वजा करायचे. एवढ्या एका ताटलीने तुटीचा मोठा भाग नाहीसा होतो.

भिंतीवर आठवड्याचा तक्ता लावा: पाच वस्तूंचे पाच रकाने. वस्तू घेतली की त्या रकान्यात एक उभी रेघ. नाव लिहायचं नाही. हा तक्ता फार कामाचा आहे. माल ११ पेन्सिलींनी कमी झाला आणि रेघाही ११ आहेत, पण पैसे कमी, तर घोळ किमतीचा, सुट्ट्यांचा किंवा उधारीचा आहे. माल ११ ने कमी आणि रेघा सातच, तर चार पेन्सिली नोंद न होता गेल्या. दोन्ही तुटींचे उपाय वेगळे, आणि रेघा नसतील तर दोन्ही सारख्याच दिसतात.

उधारी बंद ठेवावी असं बऱ्याच जणांना वाटतं. मला ते पटत नाही. उधारी आहेच, फक्त ती लपून चालते. तिला उजेडात आणा. छोट्या चिठ्ठ्या आणि एक डबा ठेवा. मूल नाव, वस्तू, रक्कम, तारीख लिहून चिठ्ठी डब्यात टाकेल, पैसे आणले की स्वतःची चिठ्ठी स्वतः फाडेल. मर्यादा दहा रुपये, मुदत येत्या शनिवारपर्यंत. उधारीची यादी फळ्यावर मात्र कधीही लिहू नका. ज्याच्या घरी आठवड्याच्या शेवटी मजुरी मिळते त्या मुलाला तुमची ही यादी आयुष्यभर आठवेल.

याच कारणाने दुकानापासून लांब, वर्गाच्या कोपऱ्यात, एक गरजेचा डबा हवा. त्यात दहा-बारा अर्ध्या पेन्सिली, खोडरबरचे तुकडे, पाठकोरे कागद. ज्याला लागेल त्याने घ्यावं, विचारायचं नाही, लिहायचं नाही, मोजायचं नाही. ज्या मुलाकडे लिहायला पेन्सिलच नाही आणि पाच रुपयेही नाहीत, त्याला विनादुकानदाराच्या दुकानासमोर उभं करणं अन्याय आहे. त्याने पेन्सिल उचलली तर ती त्याची गरज होती, आणि ती आपल्याला आधी दिसायला हवी होती. डबा लवकर रिकामा होत असेल तर भरत राहा. शाळा व्यवस्थापन समितीत शब्द टाकला तर याची सोय सहज होते.

दुकान दिवसभर उघडं नको. परिपाठाआधी दहा मिनिटं आणि मधल्या सुट्टीतली पहिली दहा मिनिटं पुरेत. एरवी माल कपाटात. व्हरांड्यात दिवसभर मांडलेल्या मालातून कुणीही येणारा-जाणारा काही नेऊ शकतो आणि संशय मुलांवर येतो.

शनिवारी सकाळच्या शाळेत शेवटची वीस मिनिटं हिशोबाची. मोजणारी तीन मुलं, चौथी-पाचवीतली, हजेरी क्रमांकाने दर आठवड्याला बदलणारी. ‘विश्वासू’ मुलं निवडू नका. निवडलीत की न निवडलेल्यांवर आपोआप शिक्का बसतो. चौथीतल्या त्या मुलाची पाळीही त्याच्या क्रमांकाने येऊ द्या, आधी नाही आणि नंतर नाही. पेटीची किल्ली मुख्याध्यापकांकडे, पण पेटी उघडायची ती तीन मुलांसमोरच. दोघांपैकी कुणीही शिक्षकाने एकट्याने पेटी उघडायची नाही, हा नियम आपल्यावर आहे आणि तो मुलांना माहीत असायला हवा.

हिशोब फळ्यावर मांडा. समजा सोमवारी पेन्सिली २४, खोडरबर २०, शार्पनर १०, पेन २०, वह्या १० होत्या. शनिवारी उरल्या पेन्सिली १३, खोडरबर १४, शार्पनर ८, पेन १५, वह्या ६. म्हणजे गेल्या पेन्सिली ११ (५५ रुपये), खोडरबर ६ (३०), शार्पनर २ (१०), पेन ५ (५०), वह्या ४ (८०). एकूण २२५. उधारीच्या चिठ्ठ्या १५ रुपयांच्या. पेटीत हवेत २१०. पेटी आणि ताटली मिळून २५० निघाले, त्यातून ५० वजा, राहिले २००. तूट १० रुपये. चौथी-पाचवीच्या मुलांसाठी याहून चांगलं तोंडी गणित कुठल्या पुस्तकात नाही. वर आपल्या दुकानाचा हिशोब सगळ्यांसमोर होतो हे त्यांना दिसतं.

तूट किती चालवून घ्यावी? पहिल्या दोन महिन्यांत आठवड्याच्या विक्रीच्या दहाव्या हिश्श्यापर्यंत असेल तर मी फारसा ताण घेणार नाही. दिशा बघायची. कमी होत गेली तर ठीक. एका जागी अडकली किंवा एकाच वस्तूत सतत दिसली, तर सहा दिवस रोज मोजा, तेही उघडपणे, मुलांना सांगून. चोर पकडायला नाही, गळती कुठे आहे ते कळायला.

एक चूक फार चांगल्या मनाने होते, म्हणून वेगळी सांगावीशी वाटते. तूट आली की शिक्षक गुपचूप खिशातून पैसे घालतात आणि फळ्यावर ‘आज हिशोब बरोबर’ लिहितात. उपक्रम छान दिसावा, अहवालात शून्य तूट जावी, मुलांना उमेद यावी, हेतू असा असतो. पण ज्याने पेन्सिल न देता नेली त्याला एका क्षणात कळतं की फळ्यावर खोटं लिहिलंय. प्रामाणिकपणाच्या दुकानात शिक्षकानेच खोटा हिशोब लिहिला, हे त्याला जन्मभर पुरेल. दहा कमी असतील तर दहा कमी लिहा. घाऊक खरेदीत पेन्सिलीमागे एखादा रुपया सुटतो, त्यातून तूट भरायची असेल तर तीही उघड लिहून भरा: ‘सुटलेल्या पैशांतून १० रुपये तुटीला.’

तुटीच्या दिवशी बोलायचं कसं? आवाज नेहमीचाच ठेवा. ‘मुलांनो, २१० यायला हवे होते, १७० आले, ४० कमी आहेत. कुणी घेतले हे मी विचारणार नाही, तुम्हीही एकमेकांना विचारायचं नाही. हिशोब कुठे चुकला असेल?’ मुलं कारणं सांगतील, ती फळ्यावर लिहा. मग परतीची वाट द्या. प्रत्येकाला कागदाचं एकेक पाकीट. ज्याचे द्यायचे राहिलेत त्याने पैसे किंवा वस्तू घालायची, बाकीच्यांनी रिकामं ठेवायचं, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी एकेकट्याने रिकाम्या खोलीत जाऊन ते खोक्यात टाकायचं. सगळ्यांचंच पाकीट जातं, त्यामुळे कुणाचं भरलेलं होतं हे कळत नाही. यात बऱ्याचदा ‘विसरलेले’ पैसेही येतात. वर्षातून दोनदा-तीनदाच करा. दर शनिवारी केलंत तर ती पळवाट होईल.

आईची शपथ, देवाची शपथ, ‘मंतरलेले तांदूळ चावा, चोराच्या तोंडात ओले होत नाहीत’ असले प्रकार अजूनही कुठे कुठे होतात. त्यात भित्रं मूल अडकतं आणि निगरगट्ट सुटतं. व्हिक्टोरिया तलवार आणि कँग ली या संशोधकांनी २०११ मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या दोन शाळांतल्या तीन-चार वर्षांच्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एका शाळेत कडक शारीरिक शिक्षा होती, दुसरीत नव्हती. शिक्षेच्या शाळेतली मुलं जास्त प्रमाणात खोटं बोलली, आणि इतक्या लहान वयात अधिक सफाईने बोलली. भीतीच्या शाळेत मुलं खरं बोलायला शिकत नाहीत, सापडायचं कसं नाही ते शिकतात.

आणि एखादं मूल स्वतःहून आलं तर? तुमच्या टेबलाशी घुटमळेल, दुसरंच काहीतरी विचारेल. हातातलं काम बाजूला ठेवा. ‘तू येऊन सांगितलंस, सोपं नव्हतं,’ एवढं म्हणा. ‘का केलंस?’ हा प्रश्न पहिला नको, त्याचं उत्तर मुलाकडे बहुधा नसतं. मग भरपाई ठरवा, त्याच्या आवाक्यातली. आठवड्याला दोन रुपये, किंवा वस्तू परत, किंवा महिनाभर शनिवारी माल लावायला मदत. हे दोघांतच राहू द्या. कबुलीचं वर्गात कौतुक करू नका. नाव न घेता ‘एकाने खूप धाडस केलं’ असंही म्हणू नका, तासाभरात नाव फुटतं. घरी सांगायचं का, हे मुलाला विचारून ठरवा. ज्या घरात मार बसतो तिथे तुमचा निरोप म्हणजे कबुलीची शिक्षा.

‘प्रामाणिक विद्यार्थी’ बिल्ला, सापडलेले दहा रुपये आणून दिल्यावर परिपाठात टाळ्या, याबद्दलही सावध राहा. टाळ्या सुरू झाल्या की काही दिवसांत मुलं स्वतःच्याच खिशातलं नाणं ‘सापडलं’ म्हणून आणून देतात. हरवले-सापडलेचा डबा ठेवा, वस्तू तिथे पडू द्या, आणि जिची वस्तू परत मिळाली तिने आभार मानावेत. तेवढं कौतुक खरं असतं.

कॅमेऱ्याबद्दल: मुलांच्या सुरक्षेसाठी शाळेत कॅमेरे असणं हा वेगळा आणि गरजेचा विषय आहे. ते असू द्या. पण दुकानाच्या तुटीसाठी चित्रण उघडून पाहायचं नाही असं ठरवा आणि मुलांना तसं सांगा. कॅमेऱ्याखालच्या दुकानात मुलं पैसे टाकतील, पण कॅमेऱ्यासाठी.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, यातून खरंच शिकतात का. नुसत्या दुकानाने नाही. अमेरिकेत हार्टशोर्न आणि मे यांनी हजारो शाळकरी मुलांना उत्तरपत्रिकेत, खेळात, पैशांच्या व्यवहारात फसवायची संधी देऊन पाहिलं होतं. १९२८ मध्ये छापलेला त्यांचा निष्कर्ष आजही शिक्षकांना अस्वस्थ करतो: एका ठिकाणी प्रामाणिक वागलेलं मूल दुसऱ्या ठिकाणी तसं वागेलच असं नाही, आणि बरोबर काय हे तोंडपाठ असण्याचा वागण्याशी फार थोडा संबंध दिसतो. म्हणजे दुकान दुकानापुरतं शिकवतं. ते बाहेर न्यायचं तर तोच सराव दिवसात आणखी दोन-तीन ठिकाणी हवा.

आठवड्यातून दोनदा दहा गणितं किंवा दहा शब्दांचं शुद्धलेखन घ्या, उत्तरं फळ्यावर लिहा, मुलांनी स्वतःचं स्वतः तपासायचं. लिहायचं पेन्सिलीने, तपासायचं पेनने, म्हणजे खोडून बदललेलं त्यांचं त्यांनाच दिसतं. हे गुण कुठल्याही नोंदवहीत घ्यायचे नाहीत आणि कुणाला किती हे विचारायचं नाही. विचारायचं ते ‘कुठलं चुकलं?’ मोह कमी असेल तिथेच सवय लागते. मैदानावर लंगडी किंवा खो-खो पंचाशिवाय खेळवा, हात लागला की स्वतः ‘बाद’ म्हणायचं. पहिले दोन आठवडे भांडणं होतील. होऊ द्या.

गोष्टी सांगायच्या तर निवडून सांगा. कँग ली यांच्या गटाने २०१४ मध्ये लहान मुलांना वेगवेगळ्या गोष्टी ऐकवून लगेच पाहिलं की ती स्वतःची चूक खरी सांगतात का. ‘लांडगा आला रे आला’ आणि खोटं बोलल्यावर नाक वाढणाऱ्या बाहुल्याची गोष्ट, दोन्हींचा परिणाम दिसला नाही. झाड तोडल्याची कबुली देणाऱ्या आणि वडिलांनी त्याबद्दल कौतुक केलेल्या छोट्या वॉशिंग्टनच्या गोष्टीचा दिसला. तीच गोष्ट शेवट वाईट करून सांगितली तेव्हा परिणाम गेला. आपल्याकडे गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या बालपणाची म्हणून सांगितली जाणारी गोष्ट याच जातीची आहे: गणित सोडवायला मदत घेतली होती, म्हणून मिळालेली शाबासकी नको म्हणणारा मुलगा. खोट्याला काय शिक्षा झाली यापेक्षा खऱ्याला काय मिळालं, ते सांगणारी गोष्ट कामाला येते.

पण गोष्टींपेक्षा मुलं जास्त बघतात ती तुमची वागणूक, आणि दोनशिक्षकी शाळेत तिची परीक्षा रोज होते. पोषण आहाराचंच घ्या. पहिली ते पाचवीला माणशी १०० ग्रॅम तांदूळ. उपस्थिती ३६ असेल तर तीन किलो सहाशे ग्रॅम. फळ्यावर उपस्थिती एक मूल लिहितं, तांदूळ दुसरं मूल मोजताना बघतं, आणि नोंदवहीत ४१ गेले तर पाचवीतल्या मुलीला ते न सांगता कळतं. फळ्यावरचा आकडा आणि नोंदवहीतला आकडा एकच ठेवा, आणि तो आकडा मुलांनाच मोजू द्या. दुकानाच्या हिशोबाला मग वेगळं समजावावं लागत नाही.

नियतकालिक मूल्यांकन चाचणीत मुलामागे उभं राहून ‘नीट बघ, तिसरा पर्याय बघ’ म्हणणं हे त्याहून वाईट. राजकोटच्या हायस्कुलात गांधीजी पहिल्याच वर्षात असताना जाइल्स नावाचे शिक्षणाधिकारी तपासणीला आले. त्यांनी पाच इंग्रजी शब्द लिहायला सांगितले, त्यातला ‘केटल’ गांधीजींचा चुकला. शिक्षकांनी बुटाच्या टोकाने खुणावलं, शेजारच्याच्या पाटीवरून बघ. त्यांनी बघितलं नाही, किंबहुना शिक्षक असं सांगतील हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. बाकीच्या सगळ्या मुलांचे पाचही शब्द बरोबर निघाले. ही गोष्ट आपण त्या एका मुलासाठी सांगतो. मला त्या वर्गातली बाकीची मुलं आठवतात. तपासणी सुरू असताना आपले शिक्षक काय करतात, हे त्यांनाही त्याच दिवशी दिसलं असणार.

म्हणून साहेबांची भेट असेल तेव्हा मुलांकडून उत्तरं घोटून घेऊ नका. प्रदर्शनात तुम्ही केलेली प्रतिकृती मुलाच्या नावाने मांडू नका. फळ्यावर गणित चुकलं आणि मुलाने दाखवलं, तर ‘मी तुमची परीक्षा घेत होते’ म्हणू नका. ‘चुकलं माझं’ म्हणा आणि पुसा.

पालकसभेतही याच पातळीवर बोला. मूल्यांवर भाषण नको, तीन-चार रोजचे प्रसंग पुरेत. एसटीत पाच ते बारा वर्षांच्या मुलाचं अर्धं तिकीट लागतं. सहा वर्षांच्या मुलाला ‘कंडक्टरने विचारलं तर पाचवं लागायचंय सांग’ म्हणून बसवलं, तर काही रुपये वाचले आणि मुलाला खोटं पाठ करून घेतलं. दारात वसुलीवाला आल्यावर ‘बाबा घरी नाहीत’ हे मुलाच्या तोंडी घालणं, शाळा बुडवून लग्नाला नेलं आणि चिठ्ठीत ताप लिहिला, हेही तेच. हे सांगताना आवाजात दोष नको. तिकिटाचे पैसे वाचवायची वेळ का येते हे आपल्याला माहीत असतं. त्यात मुलाला ओढू नका, एवढीच विनंती करा. आणि त्याच सभेत दुकानाबद्दल आधी सांगून ठेवा: तूट येईल, कुणाचंही नाव विचारलं जाणार नाही, कुणाचंही दप्तर तपासलं जाणार नाही. हे शेवटचं वाक्य म्हणताना तुम्ही झाल्या प्रकाराचा उल्लेख केलात, तर त्या आईवडिलांनाही मान वर करून बसता येईल.

क्रम असा ठेवा. या सोमवारी माफी. आठवडाभर दुकान थांबलेलं, त्यात किमतीची कार्डं, तक्ता, ताटली मुलांकडूनच तयार करून घ्या. मधल्या एका संध्याकाळी त्या घरी जाऊन या. पुढच्या सोमवारी सगळ्यांसमोर माल मोजून दुकान उघडा. जुने १४० रुपये ‘जुनी तूट’ म्हणून वेगळ्या ओळीत लिहून ठेवा, पुसू नका, नव्या हिशोबात मिसळू नका. त्यातलं काही पाकिटांतून परत आलं तर त्याच ओळीत वजा करत जा. एप्रिलअखेर माल आणि पैसे शेवटचे मोजून, पाचवीच्या मुलांनी हिशोबाची वही चौथीच्या मुलांच्या हाती द्यायची, ती ओळ जशी असेल तशी ठेवून.